घरच्यांची निळी ताटं

साताऱ्याला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय शेठ, जर्मनीत काय काय पाहिलंत?" पाहिलं पुष्कळ. न्युरेम्बर्गचा किल्ला पाहिला, नदीवरचे पूल पाहिले, ड्रायव्हरच नसलेल्या भुयारी रेल्वेत पुढच्या काचेशी लहान मुलासारखा उभा राहिलो. पण खरं सांगायचं तर त्या मुक्कामात मी मन लावून पाहिली ती ताटं. हे ऐकून लोक हसतात आणि म्हणतात, भांडेवाला तो भांडेवालाच.

हसू देत. माझा उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला. आधी तांबं-पितळ, मग स्टील. आता पुतण्या गल्ल्यावर बसतो, तरी कुणाच्या घरी गेलो की माझी नजर आधी मांडणीवर जाते, मग माणसांवर. चिनी माती मात्र आमच्या दुकानात एकाच रूपात असायची, लोणच्याच्या बरण्या. बाकी फुटणारा माल ठेवायचा नाही, हा वडिलांचा नियम. तांब्याचा हंडा जुना झाला तरी मोडीत जातो, फुटक्या बशीचं काय करणार? असल्या विचारांचा मी माणूस डेन्मार्कच्या चिनी मातीवर आता तासभर बोलू शकतो. हे कसं झालं तेच सांगायला बसलोय.

निमित्त लग्नाचं होतं. आमची मुग्धा शिकायला म्हणून न्युरेम्बर्गला गेली, तिथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागली आणि तिथलाच योनास तिने पसंत केला. मुलगा उंच, अबोल, आणि पोळीचा घास मोडताना दोन्ही हात कामाला लावणारा. साताऱ्यातलं स्वागत दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं, पण कायद्याचं लग्न तिकडे होतं. म्हणून जूनमध्ये मी आणि माझी बायको सुनंदा निघालो. सामानात चकल्या, बेसनाचे लाडू, मुग्धाचा शालू आणि अक्षतांची पिशवी.

न्युरेम्बर्ग

पहिल्याच रविवारी सुनंदाने चटणी वाटायला मिक्सर काढला, तशी मुग्धा धावत आली.

"आई, नको. आज रुहेटाग आहे. खालच्या आजी बेल वाजवतील."

"चटणीसाठी?"

"आवाजासाठी. रविवारी इथे ड्रिल नाही, मिक्सर नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत. खळ्ळ आवाज होतो ना."

आमच्या पेठेत एखाद्या रविवारी लाऊडस्पीकर बंद असला तर कुणी गेलं की काय म्हणून लोक चौकशीला बाहेर येतात. इथे खिडकीत उभा राहिलो तर रस्त्यावर एक सायकल, एक कुत्रं आणि चर्चची घंटा, एवढंच. पहिले दोन दिवस ही शांतता अंगावर आली, तिसऱ्या दिवशी आवडायला लागली. पावाचं मात्र उलटं झालं. पहिल्या दिवशी त्या काळ्या कडक पावाला सुनंदाने पाट्याची उपमा दिली होती, आठवड्याभरात ती स्वतःच बेकरीत जाऊन बोटाने दाखवून "तो, तो, नाही, त्याच्या शेजारचा" असं घेऊन यायला लागली. मराठीतच बोलायची आणि बेकरीतली बाई बरोबर तोच पाव द्यायची.

विहीणबाईंचं टेबल

योनासची आई, इन्ग्रिडबाई, शहराबाहेर अर्ध्या तासाच्या अंतरावर एका टुमदार गावात एकट्या राहतात. मूळच्या त्या पार उत्तरेच्या, फ्लेन्सबुर्गच्या. तिथून सायकल मारली की डेन्मार्क. नवऱ्याला, म्हणजे उवे यांना, न्युरेम्बर्गला नोकरी लागली म्हणून दोघं दक्षिणेला आले आणि इथलेच झाले. उवे दोन वर्षांपूर्वी गेले. दिवाणखान्यात त्यांचा होडीतला फोटो आहे, डोक्यावर टोपी आणि हातात मासा.

निघताना सुनंदाने मुग्धाला झापलं होतं. "सासू आहे तुझी. सारखं 'इन्ग्रिड म्हणाली, ती म्हणाली' काय?"

"आई, इथे सगळे नावानेच हाक मारतात."

"मारू देत. मराठीत बोलताना तरी त्या म्हण."

इन्ग्रिडबाईंनी दारातच हात पुढे केला, आमच्या लाडवांचा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि आम्हाला सरळ जेवणाच्या टेबलाशी नेलं. आणि तिथे मी पाहिली ती ताटं. ते लोक प्लेट म्हणतात, मी ताटच म्हणणार. पांढऱ्या शुभ्र मातीवर निळी वेल, फुलं, पानं, कडेला बारीक पन्हळी. घाट एवढा हलका की हात लावायला भीती वाटावी. पण टेबलावर अशी ताटं दोनच होती, एक इन्ग्रिडबाईंसमोर आणि एक योनाससमोर. मुग्धा, सुनंदा आणि मी, आम्हा तिघांपुढे साधी पांढरी, हॉटेलात असतात तसली.

माझ्या कपाळावर आठी आली असणार. आपल्याकडे पाहुणा आला की शोकेसमधलं चांगलं ते बाहेर निघतं आणि घरचे लोक तडजोड करतात. इथे लेकीचे आई-बाप सातासमुद्रापलीकडून आलेले, आणि भारी ताट यजमानांच्या पुढ्यात. मनात म्हटलं, ही काय रीत झाली?

तरी भांडेवाल्याचा हात गप्प बसेना. जेवण वाढायच्या आधी मी इन्ग्रिडबाईंच्या ताटाकडे बोट दाखवलं. त्यांनी लगेच उचलून माझ्या हातात दिलं. मी ते बोटांच्या टोकांवर तोललं आणि बरणी तपासताना करतो तसं नखाने वाजवलं. टण्ण असा आवाज निघाला आणि बराच वेळ हवेत राहिला. मग उलटं केलं. मागे डेन्मार्कच्या कारखान्याची खूण होती आणि तिच्याशेजारी निळ्याच रंगात दोन इवलीशी अक्षरं.

"रंगवणारीची सही आहे ती," मुग्धाने सासूबाईंचं ऐकून सांगितलं. "छापलेलं नाही बाबा, सगळं ब्रशने, हाताने."

मला खरं वाटेना. इतकी नेटकी वेल हाताने? इन्ग्रिडबाईंनी योनासचं ताट ओढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. तेव्हा दिसलं. नक्षी एकच, पण यांच्या ताटातलं फूल डावीकडे कललेलं, योनासच्या ताटात ताठ. एकीचा ब्रश जाड सुरू होऊन बारीक संपला होता, दुसरीचा सुरुवातीपासून सावध. जुळी नव्हेत, भावंडं म्हणा. मी दोन्ही ताटं कितीदा तरी आलटून पालटून पाहिली. बटाट्याचे गोळे, ज्यांना ते क्लोस म्हणतात, आणि लोण्यात परतलेला पांढरा श्पार्गेल, म्हणजे कोंबांची एक भाजी, सगळं निवत होतं. सुनंदाने मला कोपर मारलं तेव्हा मी ताटं परत केली.

परतीच्या गाडीत मुग्धाने विषय काढला. "बाबा, तुम्ही ऑफेंड नाही ना झालात? ते पांढऱ्या प्लेट्सचं?"

"रीत तरी काय ती?"

"आल्झो, म्हणजे असं बघा, निळी ताटं घरच्यांची. प्रत्येकाचं ठरलेलं आहे, स्वतःच्या फुलावरून ओळखतात. हाताने धुवायला लागतात, म्हणून पाहुण्यांना पांढरी, ती मशीनमध्ये जातात. रूड वगैरे काही नाही त्यात."

"आणि तू?"

मुग्धाने खिडकीबाहेर पाहिलं. "मी तीन वर्षं एक रविवार सोडून एक रविवार तिथे जेवते. अजून पांढऱ्यावरच आहे."

हे ती हसत म्हणाली. पण ती लहानपणी रुसली की जशी हसायची, तसं ते हसू होतं.

"लग्न झालं की देतील की," सुनंदा म्हणाली.

"माहीत नाही गं. आणि ही काही मागायची गोष्ट आहे का? मला काय ताटांची हौस नाहीये. म्हणजे आहे, पण तसं नाही."

मला ते लागलं. आमच्याकडे सून घरात यायच्या आधी तिचं ताट, वाटी, भांडं घरात आलेलं असतं, वर नाव घातलेलं. ती नावं मी स्वतः मशीनवर घालून दिलीत, शेकड्याने. आणि माझ्या पोरीचं मात्र त्या घरातल्या ताटावर कुठे नावनिशाण नाही. इन्ग्रिडबाई वाईट नव्हत्या. मुग्धाच्या सर्दीची चौकशी त्यांनी तीनदा केली होती. पण पांढरं ताट ते पांढरंच. यांच्या घरात माझी मुलगी घरची होणार की कायम चांगली पाहुणी राहणार, हा एकच प्रश्न मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन हिंडत होतो.

फोडाफोडीचा गुरुवार

लग्न शनिवारी होतं. त्याआधी गुरुवारी संध्याकाळी इन्ग्रिडबाईंच्या अंगणात पोल्टरआबेंड होता. हे काय प्रकरण आहे ते मुग्धाने आधी समजावून ठेवलं होतं. शेजारीपाजारी, मित्रमंडळी चिनी मातीची जुनी भांडी घेऊन जमतात आणि दारात आपटून फोडतात. त्या खणखणाटाने जे काही वाईट असेल ते पळतं. तुकडे शुभ मानतात. नवरा-नवरीने दोघांनी मिळून ते झाडायचे, संसारातला पहिला केर म्हणून. काच मात्र फोडायची नाही, ती अशुभ.

"शुभकार्यात फोडाफोडी," सुनंदा म्हणाली. "आपल्याकडे हळदीच्या दिवशी कपाचा कान तुटला तरी बायका एकमेकींकडे बघतात."

आम्ही दुपारीच मदतीला गेलो. योनासने तळघरातून फोडायच्या भांड्यांचं खोकं आणून स्वयंपाकघरात ठेवलं. कान गेलेले कप, गळकी किटली, तपकिरी वाडगे. मग तो आणि मुग्धा अंगणात बाकं मांडायला गेले. इन्ग्रिडबाई, हॅम्बुर्गहून आलेल्या आपल्या मुलीला, आंकेला, घेऊन बेकरीत गेल्या. स्वयंपाकघरात उरलो आम्ही दोघं आणि उघडं कपाट.

मी त्या ताटांना पुन्हा भेटल्यावाचून राहणं शक्य नव्हतं. एकेक उतरवलं, एकेक वाजवलं. टण्ण. टण्ण. टण्ण. सगळ्यात खाली, दोन कागदी रुमालांच्या मध्ये, आणखी एक होतं. वाजवलं तर बद्द. उजेडात धरलं तेव्हा काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ दिसली.

"तडा आहे," मी सुनंदाला म्हटलं.

"अगंबाई. लग्नघरात तडकलेलं ताट? नेमकं कुणाच्या पुढ्यात आलं म्हणजे?"

"म्हणून तर खाली दडपून ठेवलंय. टाकवत नसेल त्यांना. महागाची वस्तू."

"अहो, विचारा तरी आधी."

"विचारायचं काय त्यात? बरणीला तडा गेला तर आपण गिऱ्हाईकाला विचारत बसतो का? बाजूला काढतो. उपकारच करतोय मी त्यांच्यावर."

आणि ते ताट मी खोक्यात वाडग्यांच्या मध्ये नीट उभं करून ठेवलं. भांड्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

संध्याकाळी माणसं जमली. जूनमधला उजेड तिकडे नऊ वाजून गेले तरी हलत नाही. कुणी बादलीभर बशा आणल्या, कुणी फुलदाण्या, एक शेजारी तर चक्क जुनं वॉशबेसिन हातगाडीवर घालून घेऊन आला आणि त्याला टाळ्या पडल्या. पहिला मान नवरीच्या बापाचा, असं सगळ्यांनी ठरवलं. आयुष्यात मी मुद्दाम भांडं फोडलेलं नाही. पोचा आलेलं पातेलं ठोकून सरळ करणाऱ्यांतला मी. तरी एक तपकिरी वाडगा उचलला, डोळे मिटले आणि फरशीवर टाकला. लोक ओरडले. दुसरा टाकला. अंगात हळूहळू वारं शिरलं म्हणा ना. मग खोक्यात ते निळं ताट दिसलं. वाटलं, एवढ्या देखण्या वस्तूला दुसऱ्या कुणी कसंही आपटण्यापेक्षा आपणच मार्गी लावावं.

मी ते दोन्ही हातांनी उचलून टाकलं.

त्याच वेळी इन्ग्रिडबाई बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन दारात आल्या. त्यांनी भांडं पायरीवर ठेवलं, पुढे आल्या आणि वाकून एक निळा तुकडा उचलला. "उवे," एवढंच म्हणाल्या. अंगणातली फोडाफोडी थांबली. वॉशबेसिनवाला शेजारीसुद्धा हातोडा खाली घेऊन उभा राहिला.

मुग्धा माझ्याजवळ आली. "बाबा, हे खोक्यात कुठून आलं?"

"मी ठेवलं. तडा होता गं त्याला."

"उवेचं ताट होतं ते."

इन्ग्रिडबाईंनी तो तुकडा एप्रनच्या खिशात टाकला, भिंतीशी टेकवलेला झाडू घेतला आणि योनासच्या हातात दिला. दोघं झाडायला लागले, लोक पुन्हा बोलायला लागले, बिअर आली, सॅलडही आलं. सगळं रीतीप्रमाणे झालं. इन्ग्रिडबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी जाताना मुग्धाने डोकं खिडकीला टेकवलं होतं. "तुमची चूक नाही बाबा," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आता ते पांढरं ताट कायमचं माझं."

शुक्रवार

सकाळी मी योनासला फोन करून म्हटलं, मला जुन्या भांड्यांच्या दुकानात घेऊन चल. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला दुसरी कामं असतात, पण तो आला. आमचं दोघांचं इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे आम्ही एकमेकांशी फार नीट बोलतो.

"बाबा, पप्पांचं ताट परत मिळणार नाही," तो गाडी चालवताना म्हणाला. "ती रेघ त्यांनीच पाडली होती. नळावर आपटलं. आई म्हणाली, टाका. ते म्हणाले, मी आहे तोवर राहू दे. ते गेल्यावर मग आईलाच टाकवेना."

"तू चिडलायस?"

त्याने विचार केला. हा मुलगा विचार केल्याशिवाय उत्तर देत नाही, हे मला त्याचं फार आवडतं. "काल चिडलो होतो. आज नाही. त्या कपाटाचं दार आई दोन वर्षं फार हळू उघडते."

दुकान जुन्या शहरात एका गल्लीत होतं. मालकीण साधारण माझ्याच वयाची, चष्मा दोरीला बांधलेला. त्याच नक्षीची पाच-सहा ताटं तिच्याकडे होती. मीही भांडेवाला आहे, असं योनासने सांगितल्यावर तिने मला ताटं वाजवू दिली, पण प्रत्येक टण्ण गणिक तिचा हात छातीवर जात होता. मग ती खुलली. तिचं बोलणं योनास इंग्रजीत सांगत गेला ते असं की, हा निळा रंग मातीवर चकाकी चढवायच्या आधी देतात. कोरडी माती टीपकागदासारखी रंग ओढून घेते. खोडता येत नाही, पुसता येत नाही, हात जिथे थबकला तिथे थबकला. भट्टीतून निघेपर्यंत रंग नीट दिसतही नाही.

हे ऐकलं आणि मला तांबट आळीतला ठोक्याचा तांब्या आठवला. हातोडीचा घाव एकदा बसला की बसला, आणि जाणकार माणूस नुसत्या ठोक्यांवरून कारागीर ओळखतो. मशीनचा तांब्या गुळगुळीत असतो, पण त्याच्यावर बोट फिरवावंसं वाटत नाही. इतकी वर्षं चिनी मातीला मी नावं ठेवली, कारण हाताने केलेली चिनी माती मी पाहिलीच नव्हती. लोक या ताटांसाठी वेडे का होतात ते त्या काउंटरवर मला कळलं. महाग म्हणून नव्हे. कुणी तरी बसून एक अख्खं फूल फक्त त्या एका ताटासाठी काढलेलं असतं.

दोन ताटं मी आवाजावरून बाजूला केली. एकीचं काम फार घाबरट वाटलं. शेवटी एक निवडलं, त्यात वेलीला कडेशी एक पान जास्त होतं. रंगवणारीला वाटलं असेल, इथे जागा आहे, काढूया. हात मोकळा होता बाईचा.

"पप्पांच्या ताटात हे पान नव्हतं," योनास म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं. "हे चांगलं आहे."

संध्याकाळी मी ते इन्ग्रिडबाईंना दिलं. येताना गाडीत घोकलेलं इंग्रजी होतं, "मी फोडलं. माफ करा. हे तसं नाही, पण आवाज चांगला आहे." त्यांनी कागद सोडला, ताट सरळ पाहिलं, उलटं पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. "शोन," म्हणाल्या, म्हणजे सुंदर. आभार मानले. मग परत त्याच कागदात गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागे ठेवून दिलं आणि दार लावलं. माझा जीव एवढासा झाला. मेलेल्या माणसाचं ताट दुकानातून विकत आणून देणारा मी कोण?

शनिवार

लग्न अर्ध्या तासात झालं. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी मुग्धाच्या शालूचं कौतुक केलं, दोघांनी सह्या केल्या, सगळे रडले, अबोल योनाससुद्धा. बाहेर पायऱ्यांवर सुनंदाने अक्षता वाटल्या आणि आम्ही "शुभ मंगल" म्हणून उधळल्या, तोच इमारतीचा रखवालदार हात हलवत आला. तांदूळ टाकायची मनाई होती, पाय घसरतात म्हणे. सुनंदाने त्याच्याकडून झाडू मागून घेतला. मागून इन्ग्रिडबाईंनी दुसरा आणला आणि निळ्या रेशमी ड्रेसमध्ये त्याही झाडायला लागल्या. आपल्याकडे वरमाईच्या हातात झाडू द्यायची कुणाची छाती आहे? सुनंदा त्यांना "अहो राहू द्या, राहू द्या" म्हणत होती, त्या जर्मनमध्ये काहीतरी तसंच म्हणत होत्या, आणि दोघी झाडत होत्या.

रविवार

सोमवारी आमचं विमान होतं, म्हणून रविवारी दुपारी इन्ग्रिडबाईंनी जेवायला बोलावलं. घरचेच सहा जण. आंके पाणी आणत होती, योनास खुर्च्या सरकवत होता. मुग्धा सवयीने टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे, नेहमीच्या तिच्या जागेकडे, निघाली.

"नाही," इन्ग्रिडबाई म्हणाल्या आणि त्यांनी योनासच्या शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला.

तिथे निळं ताट होतं. वेलीला कडेशी एक पान जास्त असलेलं.

मुग्धा उभीच राहिली. इन्ग्रिडबाई आमच्याकडे बघून बोलायला लागल्या आणि भाषांतर करायचं काम नेहमीप्रमाणे मुग्धाकडेच आलं.

"इन्ग्रिड म्हणते… त्या म्हणतात, हे उवेचं ताट नाही. उवेच्या जागी दुसरं ताट येत नाही, म्हणून परवा त्यांना ते कुठे ठेवायचं ते कळेना." मुग्धाने खुर्चीची पाठ धरली. "योनास आणि आंके काट्याचमच्याने जेवायला लागले ना, तेव्हा दोघांसाठी ताटं आणायला उवे स्वतः डेन्मार्कला गेले होते. दुकानदाराला सगळी खाली काढायला लावायचे. वाजवून बघायचे. आणि…"

ती थांबली आणि योनासकडे बघायला लागली. इन्ग्रिडबाई मात्र शांतपणे बोलत राहिल्या, माझ्याकडे बघून.

"पुढे काय म्हणाल्या?" सुनंदाने विचारलं.

योनासने इंग्रजीत पुरं केलं. "आई म्हणते, आमच्या घरात मुलांचं ताट बाप निवडतो. मुग्धाचंही बापानेच निवडलंय."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसायच्या भानगडीत पडलो नाही. मुग्धा बसली. इन्ग्रिडबाईंनी वाफाळलेला पहिला क्लोस तिच्या ताटात वाढला, मग योनासच्या, मग आंकेच्या, मग स्वतःच्या. चार निळी ताटं, चार वेगळी फुलं. सुनंदाने टेबलाखालून माझा हात धरला. टेबलावर पांढरी ताटं आता दोनच होती. एक तिच्या पुढ्यात आणि एक माझ्या.